प्राण्यांना नेमकं काय दिसतं, आणि ते बघून ते असं का वागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलात फिरायला आलेल्या ग्रुपपासून ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत, प्राण्यांच्या नजरेबद्दल तेच तेच प्रश्न येत असतात, म्हणून एकदाचं सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, जो प्रश्न जास्त वेळा येतो तो वर. काही उत्तरं लांबलीयेत, काही दोन ओळीत संपलीयेत, कारण काही प्रश्नांत दमच तेवढा असतो.

दारात लाल किंवा निळ्या पाण्याची बाटली ठेवली की कुत्री तिथे घाण करत नाहीत, हे खरं का?

नाही हो. पुणे घ्या, ठाणे घ्या, नागपूर घ्या, कुठल्याही गल्लीत शिरा, गेटपाशी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कुंकू नाहीतर कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी दिसणारच. आणि जरा वेळ थांबलात तर त्याच बाटलीवर पाय वर करून निवांत पुढे जाणारं कुत्रंही दिसेल.

आता यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे रंग. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. एक निळ्याच्या आसपासची आणि दुसरी पिवळ्या-हिरव्याच्या आसपासची, १९८९ च्या प्रयोगांत ते अगदी मोजून दाखवलंय, ४२९ आणि ५५५ नॅनोमीटर. त्यामुळे लाल रंग त्याला मळकट, गडद, तपकिरीसारखा काहीतरी दिसत असणार, लाल म्हणून नाहीच. निळा मात्र छान दिसतो. म्हणजे निळीची बाटली कुत्र्याला दिसते, हे बरोबर. पण दिसली म्हणून घाबरायचं कशाला? घाबरायला कारण लागतं, आणि निळ्या रंगाने कुत्र्याचं आजवर काही वाकडं केलेलं नाही.

दुसरी गोष्ट नाकाची. कुत्रं जागा ठरवतं ती वासावरून, आधी कोण येऊन गेलं ते हुंगून. नवी बाटली ठेवली की पहिले एक-दोन दिवस ते जरा बिचकतं, कारण ओळखीच्या जागी अनोळखी वस्तू आली, आणि तेवढ्यावर लोक म्हणतात बघा, उपाय लागू पडला. मग सवय झाली की परत सुरू. जपानमध्ये मांजरांसाठी अशाच साध्या पाण्याच्या बाटल्या घराबाहेर ठेवतात, म्हणजे हा भाबडेपणा काही आपलाच नाही. खरं काही करायचं असेल तर ती जागा अशी धुवा की जुना वास राहणार नाही. बाटलीचं झाकण सैल असेल तर तिच्यात डास होतील, बाकी काही होणार नाही.

मग कुत्र्याला सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतं का?

नाही, वर लिहिलंय तसं निळं-पिवळं दिसतं. हिरव्या लॉनवर लाल बॉल टाकून «शोध, शोध» म्हणून ओरडू नका, त्याला बॉल आणि गवत जवळपास एकाच रंगाचं दिसतंय आणि तो बिचारा नाकाने शोधतोय. निळा बॉल घ्या.

लाल रंग बघून बैल खवळतो ना?

बैल लाल रंगाला खवळत असता तर पोळा कसा साजरा झाला असता सांगा. अंगावर लाल झूल, गळ्यात लाल गोंडे, शिंगांना लाल रंग, शेजारी तसाच नटलेला दुसरा बैल, आणि हा बाबा पुरणपोळी खात शांत उभा. गाय-बैलांच्या डोळ्यातही रंगाच्या पेशी दोनच प्रकारच्या, लाल त्यांना वेगळा उठून दिसतच नाही.

स्पेनमधल्या बुलफाइटवरून हे सगळं सुरू झालं. तिथेही गंमत अशी की लाल कापड येतं ते अगदी शेवटच्या टप्प्यात, त्याआधी बराच वेळ जे मोठं कापड फिरवतात ते एका बाजूने गडद गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने बहुधा पिवळं असतं, आणि बैल त्याच्यावरही तितकाच धावून जातो. तो धावतो हलणाऱ्या कापडावर. आधीच छळलेला, बिथरलेला, पळायला जागा नसलेला बैल, समोर काहीतरी सारखं फडफडतंय, तो अजून काय करणार. तेव्हा लाल शर्ट घालून गोठ्यात खुशाल जा, फक्त हातवारे करत, धावत जाऊ नका.

वाघ एवढा भडक केशरी, तरी हरणांना दिसत कसा नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा लांब उत्तर.

चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर ही वाघाची रोजची गिऱ्हाईकं, आणि या सगळ्यांच्या डोळ्यात लाल-हिरवा फरक करणारी सोयच नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी कॉम्प्युटरवर हेच तपासलं, दोन प्रकारच्या पेशी असलेल्या डोळ्याला वाघ कसा दिसेल, तर उत्तर आलं की आपल्याला केशरी दिसणारा वाघ त्यांना हिरवटच दिसतो, पाठीमागच्या पाल्यात मिसळून गेलेला. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग तयारच होत नाही, पण वाघाला त्याची गरजही नाही, कारण ज्याच्यापासून लपायचंय त्याच्या डोळ्याला केशरी म्हणजे हिरवाच. वर पट्टे आहेतच, ते अंगाची कड मोडून टाकतात, म्हणजे इथून इथपर्यंत एक जनावर आहे असं पटकन कळतच नाही.

पण जंगलात एक जण आहे ज्याला हा केशरी रंग स्वच्छ दिसतो. वानर! आफ्रिका-आशियातल्या सगळ्या माकडांना आपल्यासारख्याच तीन प्रकारच्या पेशी असतात, वानरं त्यातच आली. शिवाय ते बसलेलं वर झाडावर. ताडोब्यात सफारीला गेलेल्यांनी हे अनुभवलं असेल, वानराचा तो खोकल्यासारखा खर्र आवाज आला की गाईड लगेच गाडी बंद करायला सांगतो. खाली चितळ मान वर करून एका दिशेला टक लावून बघतंय, शेपटी ताठ, पुढचा एक पाय हळूच उचलून जमिनीवर आपटतंय, आणि तरी जागचं हलत नाही. का हलत नाही, तर वाघ नेमका कुठे आहे ते त्याला अजून कळलेलं नाही. वाघ थांबला की दिसत नाही, हलला की दिसतो. वाघ दोन पावलं टाकून मिनिटभर थिजून का उभा राहतो त्याचंही उत्तर इथेच आहे.

यावरून पुढचा प्रश्न येतोच की मग सफारीला भडक कपडे चालतील का. चितळाच्या दृष्टीने केशरी शर्ट चालेल, पांढरा आणि निळा जास्त खुपेल. पण पक्ष्यांना आपल्याहून जास्त रंग दिसतात, त्यामुळे मळखाऊ कपडेच घाला आणि मुख्य म्हणजे हात हलवू नका.

रात्री गाडीच्या लाइटमध्ये बिबट्याचे डोळे चमकतात, आपले का नाही?

बिबट्या, मांजर, कुत्रं, गाय, हरीण, यांच्या डोळ्यात पडद्याच्या मागे एक चकचकीत थर असतो. आत आलेला उजेड पडद्यातून एकदा जातो, या थरावर आपटतो आणि परत पडद्यातून बाहेर येतो, म्हणजे तेवढ्याच उजेडाचा दोनदा वापर. अंधारात कमाई करणाऱ्याला हे परवडतं. तोटा असा की चित्र थोडं पसरट होतं. माणूस, माकडं आणि डुकरं यांच्याकडे हा थर नाही. फोटोत आपले डोळे लाल येतात ते आतल्या रक्तामुळे, ते वेगळं.

घाटात रात्री रस्त्याच्या मधोमध जमिनीलगत लालसर निखारा पेटल्यासारखा दिसला आणि जवळ गेल्यावर उडून गेला तर तो रातवा पक्षी. आणि पावसाळ्यात टॉर्च कपाळाजवळ धरून गवताकडे बघा, हिरवट-निळे बारीक ठिपके चमकतील. लोक म्हणतात दव आहे. वाकून बघा, प्रत्येक ठिपक्यामागे एक कोळी बसलेला असतो. हा नाद एकदा लागला की रात्री घरी यायला उशीर होतो.

हरीण किंवा ससा गाडीसमोर आल्यावर पळत का नाही?

अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर एकदम हेडलाइट पडला की त्याला थोडा वेळ काहीच दिसत नाही, आणि धोका नीट कळत नसेल तर थिजून राहायचं ही सवय लाखो वर्षांची आहे. वाघासमोर ती कामाला येते, ट्रकसमोर नाही. वेग कमी करा, अपर मारू नका, थांबून त्याला वेळ द्या.

नागाच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो उतरतो आणि नागीण डूख धरते म्हणतात, ते?

फोटो उतरत नाही. कुठल्याच प्राण्याच्या डोळ्यात उतरत नाही, डोळ्यात मेमरी कार्ड नसतं. चेहरा लक्षात ठेवून पत्ता शोधत येण्याएवढा मेंदूचा पसारा सापाकडे नाही, आणि जोडीदाराबद्दल तसा जिव्हाळाही नाही, मीलनाचा काळ संपला की ज्याचा तो.

सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, त्यामुळे तो कायम टक लावून बघतोय असं आपल्याला वाटतं. कात टाकायच्या आधी काही दिवस हाच खवला दुधाळ होतो आणि सापाला जवळजवळ दिसत नाही, त्या दिवसांत तो जास्त चिडखोर असतो. असा दुधाळ डोळ्याचा साप दिसला तर लांबूनच सर्पमित्राला फोन करा.

सापाला मुख्यतः हालचाल दिसते. समोर नाग फणा काढून उभा असेल तर न हलता उभं राहणं, मग अगदी हळू मागे सरकणं, हे म्हणून सांगतात. सह्याद्रीतला हिरवा चापडा याच्याही पुढचा, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खड्डा असतो आणि त्याने त्याला उष्णता कळते, म्हणजे मिट्ट काळोखातला उंदीर त्याच्यासाठी लपलेला नसतोच. घोणसला तो खड्डा नसतो.

पुंगीवर नाग डोलतो ते?

पुंगीवर नाही, पुंगी हलते तिच्यावर. गारुडी पुंगी डावी-उजवीकडे नेतो, नाग तिच्यावर नजर ठेवून मान फिरवतो, कारण त्याच्या लेखी तो हल्ला करायला आलेला कोणीतरी आहे. सापाला बाहेरचे कान नसतात, पण तो ठार बहिरा असतो हेही खरं नाही, जमिनीतली थरथर आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात. साप पकडून खेळ करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, तेव्हा असा खेळ दिसला तर पैसे टाकू नका.

मग डूख धरणारा प्राणी कोणीच नाही का?

आहे ना, कावळा! अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात २००६ मध्ये संशोधकांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घातली, सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून जो कोणी फिरेल त्याच्यावर कावळे ओरडत, झेपा घेत. दुसरा मुखवटा घातला तर फारसं काही नाही. वर्षं गेली तरी हे चालूच राहिलं, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही ओरडायला लागले, म्हणजे बाकीच्यांचं बघून शिकले. तो अमेरिकन कावळा, आपला गावकावळा वेगळ्या जातीचा, पण घरट्याला काठी लावलेल्या माणसाला विचारा काय होतं ते. नागाच्या नावावर आपण जो आरोप ठेवलाय त्याचा खरा मालक रोज खिडकीत येऊन पोळी खातोय.

चिमणी/बुलबुल/शिंजीर रोज गाडीच्या आरशावर चोच मारतो, काय करू?

त्याला आरशात स्वतःच दिसतोय, पण तो «मी» आहे हे त्याला कळत नाही. विणीच्या हंगामात प्रत्येक नर आपला इलाखा राखत असतो, आरशातला नर त्याला घुसखोर वाटतो. आणि हा घुसखोर फार चिवट, आपण चोच मारली की तोही मारतो, माघार घेतच नाही. काही पक्षी तासन् तास यातच घालवतात आणि पिल्लांकडे दुर्लक्ष होतं. गाडी उभी केली की आरशावर कापडी पिशवी नाहीतर जुना मोजा चढवा, विषय संपला.

आरशातला मीच, हे ओळखणारे फार थोडे. १९७० मध्ये गॅलप नावाच्या शास्त्रज्ञाने चिंपांझींच्या चेहऱ्यावर त्यांना नकळत रंगाचा ठिपका लावला आणि आरसा दिला, तर ते आरशात बघून स्वतःच्या चेहऱ्यावरचा ठिपका चाचपायला लागले. पुढे हत्ती, मॅगपाय पक्षी, आणि २०१९ मध्ये तर एक बोटाएवढा मासा यात पास झाला, त्यावरून शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. कुत्रं नापास होतं. पण वासाने जगणाऱ्याची परीक्षा आरशाने घेणं मला तरी न्यायाचं वाटत नाही.

फ्लॅटच्या मोठ्या काचेवर आपटणारे पक्षी हा वेगळा प्रकार. तिथे काचेत आभाळ आणि झाडं दिसतात म्हणून ते त्यात उडत जातात. घारीचं एक स्टिकर लावून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि आपटतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके किंवा रेघा हव्यात.

शेतात बुजगावणं, सीडी, जुन्या साड्या लावतात त्याने पाखरं-डुकरं खरंच घाबरतात का?

थोडे दिवस. कुठलीही नवी वस्तू दिसली की प्राणी आधी लांब राहतो, आणि तिने काहीच केलं नाही की तिच्यावर येऊन बसतो. बुजगावण्याच्या डोक्यावर बसलेला कावळा तुम्ही बघितलाच असेल. म्हणून जे शेतकरी बुजगावणं दर दोन-चार दिवसांनी हलवतात, शर्ट बदलतात, त्यांना जास्त दिवस मिळतात. चमकणाऱ्या रिबिनी आणि टांगलेल्या सीडी वाऱ्याने फिरतात, उजेड दर वेळी वेगळा फेकतात, त्यामुळे त्या साध्या बुजगावण्यापेक्षा बऱ्या.

कुंपणाला बांधलेल्या साड्यांचं गणित वेगळं. रानडुकराची नजर बेताचीच, ते चालतं नाकावर, पण साडीमुळे आतलं पीक दिसत नाही, कापड फडफडतं, माणसाचा वास येतो, हे सगळं मिळून काही रात्री निघतात. साडीचा रंग कुठलाही चालेल. त्यापेक्षा पक्का उपाय म्हणजे सौरकुंपण, पण त्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही हेही तितकंच खरं.

डोक्यामागे मुखवटा घातला की वाघ हल्ला करत नाही, हे कुठून आलं?

सुंदरबनातून. वाघ शक्यतो पाठीमागून येतो, भक्ष्याने बघितलं की डाव फसला असं त्याला वाटतं. म्हणून १९८६ च्या सुमारास तिथल्या मध गोळा करणाऱ्या, मासे धरणाऱ्या लोकांना माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे डोक्याच्या मागच्या बाजूला लावायला दिले. सुरुवातीला चांगला फरक पडला, पुढे वाघांना हा प्रकार कळायला लागला असं म्हणतात.

हीच आयडिया बोट्स्वानात गायींवर करून बघितली गेली. तिथे सिंह गायी मारतात. गायींच्या ढुंगणावर दोन मोठे डोळे रंगवले. २०२० मध्ये आलेले आकडे असे की डोळे रंगवलेल्या ६८३ गायींपैकी एकही मेली नाही, नुसती फुली मारलेल्या ५४३ पैकी ४ गेल्या, आणि काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी १५. फुलीनेही थोडा फरक पडला हे बघा. पण कळपात काही गायी बिनरंगाच्या होत्या, सिंहांना दुसरा पर्याय होता. सगळ्याच रंगवल्या तर काय होईल हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडच्या बिबट्याच्या भागासाठी यातून घेण्यासारखं एक. अंधारात एकट्याने खाली बसू नका, वाकून राहू नका. उभा माणूस बिबट्याला मोठा दिसतो, उकिडवा बसलेला माणूस शेळीएवढा. उसाच्या पट्ट्यात आणि मुंबईत आरे कॉलनीच्या बाजूला वनखातं हेच सांगत असतं, पोरांना एकटं सोडू नका, संडासला अंधारात बाहेर जाऊ नका.

शेळीची बाहुली आडवी का असते?

चोहीकडे लक्ष ठेवायला. आडव्या फटीमुळे जमिनीलगतचा पट्टा रुंद आणि स्पष्ट दिसतो, वरचं ऊन कमी येतं. मांजराची बाहुली उभी, कारण तिला अंतर मोजून झेप घ्यायचीय. शेळी चरायला मान खाली घालते तेव्हा खरी कमाल होते, डोळा खोबणीत फिरतो आणि फट परत जमिनीला समांतरच राहते, ५० अंशांहून जास्त फिरतो. पुढच्या वेळी शेळी दिसली की तिच्या बाजूला उकिडवं बसून बघा (दिवसा, बिबट्याचं वर सांगितलंय).

टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तेही यासाठीच. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्याला जवळपास पाठीमागचंही दिसतं, मागून येणाऱ्या रिक्षेने तो बुजतो.

घुबड दिवसा आंधळं असतं आणि वटवाघूळ कायमच, बरोबर?

दोन्ही चूक. घुबडाला दिवसाही दिसतं, बाहुली लहान करून ते बसलेलं असतं. डोळे मात्र खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान २७० अंशांपर्यंत फिरवावी लागते. आणि फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची नजर तर उत्तम असते.

किडे दिव्याभोवती का घिरट्या घालतात? चंद्र समजून?

चंद्राची थिअरी बरीच वर्षं चालली, पण २०२४ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने घेतलेल्या शूटिंगमधून वेगळंच दिसलं. उडणारा किडा आपली पाठ कायम उजेडाकडे ठेवायला बघतो. लाखो वर्षं उजेडाची बाजू म्हणजे वरची बाजू, त्यामुळे हे बिनचूक चालत होतं. आता दिवा बाजूला असला की किडा पाठ दिव्याकडे करतो, तिरका होतो, आणि त्याचा मार्ग दिव्याभोवती वळत जातो. दिवा खाली असेल तर तो चक्क उलटा होऊन पडतो. म्हणजे किडा दिव्याच्या प्रेमात वगैरे काही नाही, कवी लोकांनी माफ करावं, तो अडकलेला आहे. बाहेरचा दिवा मंद, पिवळसर, खाली तोंड केलेला लावा.

डास काळ्या कपड्यांकडे जास्त येतात का? आणि माशी हाताला का लागत नाही?

डासाला आधी आपल्या श्वासाचा वास लागतो, आणि तो लागला की मग नजर कामाला लागते. डेंग्यूच्या एडिस डासावर २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात श्वासातला वायू सोडल्यावर डास लाल, नारिंगी, काळ्या रंगाकडे गेले आणि हिरव्या, जांभळ्या, पांढऱ्याकडे दुर्लक्ष केलं. माणसाची कातडी गोरी असो की काळी, तिच्यातून लाल-नारिंगी उजेड येतोच. तेव्हा संध्याकाळी फिकट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

माशीचं म्हणाल तर आपल्याला सेकंदाला ६० वेळा लुकलुकणारा दिवा सलग वाटतो, माशीला २०० च्या वर गेला तरी लुकलुकताना कळतो. तुमचा हात तिला आरामात येताना दिसतो. वर ती उडायच्या आधीच पाय सरकवून धोक्याच्या उलट दिशेला झेप घ्यायची तयारी करून ठेवते. म्हणून माशी आहे तिथे मारू नका, ती जिथे पळणार त्याच्या जरा पुढे मारा.

सरडा आजूबाजूचं बघून रंग बदलतो ना?

राजकारण्यांसाठी ही उपमा चालू द्या, सरड्यावर मात्र अन्याय आहे. बागेतला साधा सरडा विणीच्या काळात डोकं-गळा लाल करतो ते लपायला नाही, उलट दिसायला, मादीला आणि दुसऱ्या नराला. रंग हे त्याचं बोलणं आहे.

हे बघायचं तर साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर जा, पवनचक्क्यांचं पठार. उन्हाळ्यात तिथे एक बोटभर सरडा दगडावर चढतो, मान वर करतो आणि गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो, निळा, काळा, नारिंगी, असा रंग की रणरणत्या पठारावर लांबूनही लपत नाही. मिटली की परत मातीचा. २०१६ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी सरडा सुपर्बा.

आता गोष्ट पुढे आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या टीमने इथे पवनचक्क्यांचा भाग आणि बिनचक्क्यांचा भाग यांची तुलना केली, २०१८ मध्ये छापून आली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. सरडे जास्त. आणि हे सरडे माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळेनात, कारण वरून झडप घालणारं कोणी राहिलंच नव्हतं. तुम्ही म्हणाल मग मजाच की, आता नरांनी अजून भडक व्हायला हवं. झालं उलटं. गर्दी वाढली, खाणं वाटून घ्यावं लागलं, सरडे बारीक झाले आणि नरांचे रंग फिके पडले. पातं फिरलं आभाळात, आणि फरक पडला दगडावरच्या सरड्याच्या गळ्यात.

मोराचा पिसारा लांडोर निरखून बघते का?

२०१३ च्या एका अभ्यासात लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारा छोटा कॅमेरा बसवला होता. मोर समोर नाचतोय आणि बाई बऱ्याच वेळा भलतीकडेच बघतायत. बघितलं तरी पिसाऱ्याचा खालचा भाग. वरचा भाग बहुधा लांबून, गवतावरून दिसायला. मोराची दया आली वाचून.

बेडकासमोर मेलेली माशी ठेवली तर खात नाही, असं का?

कारण ती हलत नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत लेट्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बेडकाच्या डोळ्यातल्याच काही तंतूंना फक्त हलणारा, छोटा, गडद ठिपका कळतो. पुढे जर्मनीत एव्हर्ट यांनी भेकावर प्रयोग केले, पुठ्ठ्याची अरुंद पट्टी लांबीच्या दिशेने सरकवली की भेक तिला गांडूळ समजून झडप घालायचा, आणि तीच पट्टी उभी धरून सरकवली की गप्प बसायचा नाहीतर अंग चोरायचा. पट्टी तीच, पुठ्ठा तोच. घरी मुलांबरोबर करण्यासारखा प्रयोग आहे, पावसाळ्यात अंगणात भेक येतोच, फक्त त्याला हात लावू नका आणि दोन-तीनदा करून सोडून द्या, उगाच उपाशी पळवू नका.

काजवे बघायला किंवा वेळासला कासवं बघायला जाताना टॉर्च न्यायचा का?

न्या, पण लावू नका. काजव्याचा नर उडत उडत लुकलुकतो, मादी खाली बसून उत्तर देते, त्यांचं लग्न जमवणारं दुसरं काहीच साधन नाही, आणि मोठं झालेलं काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. मे अखेर ते जून, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची, सगळीकडे त्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, आणि एका हेडलाइटने झाडभर काजवे विझतात. गाडी लांब लावा, पायवाटेपुरता उजेड हवा असेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा आणि तोंड जमिनीकडे ठेवा. फ्लॅशने काजव्यांचा फोटो येत नाही, त्यासाठी कॅमेरा स्टँडवर ठेवून बराच वेळ उघडा ठेवावा लागतो.

वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आहेत. वाळूतून निघालेलं पिल्लू जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालतं, रात्री ती बाजू समुद्राची. किनाऱ्यावरच्या हॉटेलचा दिवा जास्त उजळ असला की पिल्लू रस्त्याकडे वळतं. म्हणून तिथे फ्लॅश बंद, मोबाईलचा टॉर्च बंद, पिल्लांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, दोरीच्या अलीकडूनच बघायचं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, उजेड भरपूर असतो, टॉर्चची तशीही गरज पडत नाही.